हिरवा पंधरवडा

२८ ऑगस्ट

टिंग. मग एक श्वास. मग टिंग.

नंदीशची डबल बेल अशी असायची. बाकीचे कंडक्टर घाईनं दोरी दोनदा ओढत, की गाडी सुटली. नंदीश पहिल्या घंटीनंतर जरा थांबायचा. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्या मधल्या श्वासात अख्खी गाडी आणि फलाटावरचा मी, सगळेच अधांतरी. दादामियाँ स्टिअरिंगवरून ओरडायचा, "अरे नंदीश, जाऊ का नको, एकदा ठरव की!" नंदीश हसून दुसरी द्यायचा. मला म्हणायचा, "साहेब, एखादी म्हातारी पळत येत असली तर तेवढ्यात घावती."

आज दुपारी पडल्या पडल्या तो आवाज कानात आला आणि उठूनच बसलो. नंदीश वैशाखात गेला. मुरुमला त्याच्या घरी जाऊन आलो तेव्हा शांतम्मा भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं. मला बघून म्हणाली, "भाऊ, चहा घेतल्याबिगर जाऊ नका," आणि मग रडली.

क्वार्टरमध्ये ती आणि माझी अयोध्या शेजारी-शेजारी होत्या. एकीच्या घरची कढी दुसरीच्या घरी. अयोध्या जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या नवमीला दरवर्षी शांतम्माच यायची. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात, लुगडं नेसवतात. आमच्याकडं त्या पाटावर तिच्याशिवाय कुणी बसलं नाही. यंदा तिला बोलावता यायचं नाही. बघू. भाद्रपदाला अजून अवकाश आहे.

आरोही शाळेतून आली ती दप्तर टाकून माझ्याच खोलीत. सहावीत आहे, पण बोलणं वकिलाचं. वर्गातली कुणी मैत्रीण महाबळेश्वरला गेली होती म्हणे आणि अर्धा दिवस गाडीतच बसून राहिली. "आजोबा, तुम्ही स्टँडवर कंट्रोलर होता ना? मग सांगा, गर्दी नसते तेव्हा छान ठिकाणी कसं जायचं?"

रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला ड्युटी दिली.

३१ ऑगस्ट

जेवताना मुलगा-सुनेसमोर विषय निघाला. योगीराज म्हणाला, "महाबळेश्वरच करू, अण्णा. सगळे जातात."

"सगळे जातात म्हणूनच नको."

"मग लोणावळा?" शिवांजलीनं विचारलं.

"पावसाळ्यात लोणावळ्याला माणसं डोंगर बघत नाहीत, एकमेकांच्या पाठी बघतात."

"तुम्ही कधी गेलाय, अण्णा?"

"मी गाड्या पाठवल्यात."

यावर तिघंही हसले. आरोही म्हणाली, "मग आपण घरीच राहू. इथं अजिबात गर्दी नाही." शिवांजलीनं तिच्या ताटात अजून एक पोळी टाकली.

खरं म्हणजे मला समुद्र हवा होता, पण मी एकदम तसं म्हणालो नाही. आधी अलिबाग काढलं, ते मुंबईकरांचं म्हणून सोडलं, मग सहज आठवल्यासारखं गणपतीपुळे म्हणालो. देऊळही आहे, किनाराही आहे. सगळ्यांना पटलं.

बहात्तर वर्षांत मी समुद्र पाहिलेला नाही. चौथीच्या पुस्तकात समुद्राची कविता होती. गुरुजी टेबलावर पट्टीनं ताल धरून म्हणवून घ्यायचे आणि लाट कशी येते ते हात हलवून दाखवायचे. त्यांनीही समुद्र बघितला नव्हता. आम्हाला त्यांच्या हातात वाऱ्यावरची ज्वारी दिसायची. ती कविता मी अयोध्येला लग्नानंतर म्हणून दाखवली होती, तेव्हापासून तिनं समुद्राचा ध्यास घेतला. मी, अयोध्या, नंदीश, शांतम्मा अशा चौघांनी एसटीच्या पासवर जायचं किती वेळा ठरवलं. पण दिवाळी आली, मे महिना आला, की आमच्या रजा बंद आणि जादा गाड्या सुरू. अयोध्या म्हणायची, "सगळ्या दुनियेला समुद्रावर धाडता, मला एकदा धाडा की."

२ सप्टेंबर

आरोहीनं शाळेच्या कॉम्प्युटरवरून सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे दोन तक्ते छापून आणले. नुसते चौकोन आणि त्यात ठळक तारखा. तिथी नाही, नक्षत्र नाही, सण नाही. "ते आपण रंगवायचं," म्हणाली. रंगपेटी माझ्यापुढं ठेवली. तांबडा म्हणजे गर्दी, पिवळा म्हणजे बेताची, हिरवा म्हणजे रस्ता मोकळा.

दुपारभर बसून रंगवलं. शनिवार-रविवार तांबडे. गणपतीचे दिवस तांबडे. मुंबईचे चाकरमानी तेव्हा अख्खं कोकण भरून टाकतात. विसर्जन, मुक्तिसंग्राम दिन, ईद, तांबडे. तीन ऑक्टोबरला नवरात्र बसतं, तिथून पुढं सगळं तांबडंलाल. नवरात्रात तुळजापूरच्या जादा गाड्या सोडताना माझा घसा बसायचा, तो कोजागिरीनंतर सुटायचा.

आणि या दोन गर्द्यांच्या मधोमध पितृपक्षाचा पंधरवडा. त्यात लग्नं ठरवत नाहीत, मुली बघायला जात नाहीत, वास्तू नाही, खरेदी नाही. स्टँडवर माशा मारायची वेळ यायची. जुन्या गाड्या दुरुस्तीला लावायचो ते याच दिवसांत. अख्खं वर्ष चालणाऱ्या माणसांच्या रेट्यात तेवढे पंधरा दिवस रस्ता आपल्या नावावर असतो, आणि तो कुणाला नको असतो! मी तो पट्टाच्या पट्टा हिरवा केला.

योगीराजला पंचवीसपासून रजा मिळते. बुधवारी पहाटे निघायचं, शुक्रवारी परत. शनिवारची गर्दी यायच्या आत आपण घरात. पंचवीसचा चौकोन मी दोनदा रंगवला, सगळ्यात गडद. आरोहीनं तक्ता भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाचणीनं लावून टाकला. झकास दिसतो.

संध्याकाळी शिवांजली तक्त्यासमोर उभी राहिली. बोटं मोजल्यासारखी करत होती. "पंचवीसलाच, अण्णा? नक्की ना?"

"नक्की."

तिनं योगीराजकडं बघितलं. तो बुटाच्या नाड्या सोडत होता, त्यानं मान वर केली नाही. बँकेत रजा मिळवणं सोपं नसावं.

६ सप्टेंबर

तेरहून धुरपदाचा फोन. माझी धाकटी बहीण, पण वयानं धाकटी, जिभेनं थोरली.

"दादा, शिवांजली सांगत होती ते खरं हाय का? पक्षात कुणी समुद्र बघायला जातं व्हय? लोकं कावळ्याला घास ठेवतात, तू काय मासोळ्यांना ठेवणार का?"

मी म्हणालो, "अगं, त्या दिवसांत गर्दी नसते."

"स्मशानात बी नसती."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"आणि अयोध्यावहिनी?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "तिलाच तर समुद्र बघायचा होता, धुरपदे."

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "बरं बाबा. तू शिकलेला माणूस, तुला जास्त कळतं," आणि ठेवून दिला. पूर्वीपासून अशीच. एकदा सोवळ्यात शिरली की कुणाचं ऐकत नाही.

११ सप्टेंबर

गणपतीपुळ्याच्या एका लॉजवाल्याशी बोललो. म्हणाला, "आजोबा, त्या आठवड्यात अख्खा लॉज तुमचा. समुद्राकडची कुठली खोली पाहिजे ती घ्या." फोन ठेवल्यावर मी आरोहीला टाळी दिली.

गाडी अक्रमची ठरवली. अक्रम म्हणजे दादामियाँचा मुलगा, त्याच्याकडं सातसीटर आहे. दादामियाँ स्वतः येऊन ओसरीवर बसला. गुडघे गेलेत, पण आवाज तसाच, घाटातला.

मी म्हणालो, "आम्ही चौघं, अक्रम पाचवा. दोन सीटा रिकाम्या जातायत रे. गाडी अशी सोडणं माझ्या जिवावर येतं."

"रिटायर झाला की रे तू, बब्रू! अजून सीटा मोजतोय." मग पोराला म्हणाला, "अक्रम, गाडी सांभाळून चालव. आमचे साहेब प्रत्येक फाट्यावर उतरून पुकारतील, 'उमरग्याहून सोलापूरमार्गे रत्नागिरीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर…'"

अक्रम म्हणाला, "चाचा, पुकारा बिनधास्त. दोन सीटा भरल्या तर मलाच बरं."

आरोहीनं एक रिकामी सीट शंख-शिंपल्यांना देऊन टाकली. दुसरीचं अजून ठरलं नाही.

१५ सप्टेंबर

आजचा दिवस साधाच, पण दोन गोष्टी लिहून ठेवतो.

एक, योगीराजला परवा बँकेत शांतम्मा भेटली होती. पेन्शनच्या कामाला आलेली. "यंदा तुमचं काय ठरलंय, विचारत होत्या," तो म्हणाला. मी म्हणालो, "मग सांगायचंस की, गणपतीपुळे." तो माझ्याकडं नुसता बघत राहिला. म्हणाला, "सांगितलं," आणि अर्धं ताट ठेवून उठला. हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलतो. थकत असावा. मुरुमला रोज जाणं-येणं सोपं नाही.

दोन, शिवांजलीची बांधाबांध. दवाखान्यातल्या लॅबमधून येते तीच बॅग भरायला बसते. आज बघितलं तर तांदूळ, गुळाची ढेप, वेलदोड्याची पुडी, तांब्याची पळी, आणि सगळ्यात खाली एक कोरं हिरवं लुगडं. नऊवार. मी म्हणालो, "अगं, तिथं हॉटेलं आहेत, हे ओझं कशाला? आणि फोटोसाठी नेसायला नऊवार नेतेस का?"

ती म्हणाली, "राहू द्या अण्णा. असलेलं बरं."

"समुद्रावर पळीचं काय काम?"

ती माझ्याकडं बघून हसली, पण ते हसणं मला नीट कळलं नाही. म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही होय?" आणि पदर खोचून आत गेली. तरुण माणसांना प्रवासाला निघताना आम्हा म्हाताऱ्यांपेक्षा जास्त सामान लागतं.

१९ सप्टेंबर

हिरवा पंधरवडा लागला. खात्री करायला आज स्टँडवर जाऊन आलो. गाड्या अर्ध्या रिकाम्या. सोलापूर गाडीत मागच्या बाकावर एक माणूस आडवा होऊन झोपलेला. इतकी वर्षं लोटली, तरी माझं गणित तसंच्या तसं लागू आहे! मला इतका आनंद झाला की उसाचा रस पिऊन आलो. गर्दी म्हणशील तर एका पत्रावळीवाल्याकडं तेवढी होती. बायका गठ्ठेच्या गठ्ठे नेत होत्या.

येताना चार ओळी जुळल्या, शाळेतल्या कवितेच्या चालीवर.

गर्दी गेली आपल्या घरा,
वाट मोकळी झाली;
चला सागरा, भरून आणू
वाळू शुभ्र रुपेरी.

आरोही म्हणाली, "झाली आणि रुपेरी जुळत नाही, आजोबा. आणि कोकणातली वाळू काळपट असते, मी फोनवर बघितलीय."

पिढी हुशार आहे. पण बघण्याआधी समुद्र कसा दिसायचा, ते हिला कधी कळायचं नाही.

२३ सप्टेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी अक्रम टायर बघायला आला, बरोबर दादामियाँ. चहा झाला. दादामियाँ कपबशी खाली ठेवत म्हणाला, "बब्रू, एक सांग. यंदा माझी खीर समुद्रावरून पार्सल येणार का?"

"कसली खीर?"

"कसली काय? वहिनीच्या नावाची. दर साल येती ती. आमच्या रजियाबीनं डबा घासून ठेवलाय. म्हणली, परवा येईल."

"परवा?"

"परवाच की नवमी. मला कुठं कळतंय! शेजारणीकडं पण हाय ना, त्यांनी रजियाबीला खोबरं किसायला बोलावलंय."

तो आणखी काहीतरी सीटांबद्दल बोलत होता. मला ऐकू येईना. मी उठलो, आत गेलो आणि भिंतीवरचा हिरवा तक्ता वर उचलला. खालच्या कॅलेंडरवर पंचवीसच्या पोटात बारीक अक्षरात होतं. अविधवा नवमी.

संसारात तिथी अयोध्येच्या होत्या आणि तारखा माझ्या. पोरांच्या शाळेच्या, पगाराच्या, ड्युटीच्या तारखा मी सांभाळायच्या. एकादशी, संकष्टी, कुणाचं श्राद्ध, कुणाची ओटी, ते तिनं. ती गेल्यावर तिची स्वतःची तिथी मला दुसरेच आठवण करून देत आले. आठवडा आधी धुरपदाचा फोन. चार दिवस आधी नंदीशचा: "साहेब, हिला कधी घेऊन येऊ?" यंदा धुरपदा रुसलेली. आणि नंदीश नाही.

संध्याकाळी योगीराज आल्यावर मी दोघांना समोर बसवलं. म्हणालो, "मला कुणी सांगितलं का नाही?"

शिवांजली आश्चर्यानं बघायला लागली. "म्हणजे तुम्हाला… अण्णा, मला वाटलं, आईंची नवमी समुद्रावरच करायचं तुमच्या मनात आहे. त्यांची इच्छा होती म्हणून. आत्याबाईंनाही मी तेच सांगितलं. तांदूळ, गूळ, लुगडं त्याचसाठी घेतलंय. तिथली कुणीतरी सवाष्ण बघू म्हटलं."

"आणि तू?" मी योगीराजला विचारलं.

"मी काय सांगायचं? तो दिवस तुम्ही तुमच्या हातानं हिरवा केलात. दोनदा." तो आवाज चढवून बोलला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तुम्हाला आता नको झालंय. तीन वर्षं केलंत. माणूस कंटाळतो."

"विसरलो रे."

"विसरलात, हे तर त्याहून…" एवढं म्हणून तो थांबला आणि अंगणात निघून गेला.

आरोही तक्त्याकडं बघत होती. हळूच म्हणाली, "आजोबा, मी कॅलेंडरवर लावायला नको होता ना?"

मी तिला सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. ते तरी खरं आहे.

२४ सप्टेंबर

सकाळी योगीराजला म्हणालो, "जायचं रद्द करू."

तो म्हणाला, "कशाला? ही म्हणाली तसं तिथंच करू. शिवांजलीनं सगळं घेतलंय."

मी म्हणालो, "नाही. तुझी आई समुद्रावर कधी गेली नाही. तिला तिथला पत्ता सापडायचा नाही. तिला हा स्टँड माहीत आहे. इथं करू, मग दुपारी निघू. रात्री कोल्हापूरला मुक्काम."

त्यानं फोन हातात घेतला. मग म्हणाला, "अक्रमला सांगतो, पहाटेऐवजी बारा." आणि जाता जाता, पाठमोराच, "भोपळा मी आणतो येताना." महिन्याभरात तो मला आपणहून इतकं पहिल्यांदाच बोलला.

एवढं ठरल्यावर वाटलं, झालं. पण सवाष्ण कुठं होती?

शिवांजलीनं लॅबमधून रजा घेतली आणि फोन लावत बसली. समोरच्या कुलकर्ण्यांकडं सकाळी जेवणार, तिथून जावेकडं. कोपऱ्यावरची शरणम्मा तीन घरी बोलावलेली, म्हणाली, "पोरी, माझ्या पोटात जागा न्हाय, नायतर आले असते." डॉक्टरीणबाईंची सासू, तिला बोलवायला सोलापूरहून गाडी आली होती. धुरपदाला मीच फोन केला. सगळं खरं सांगितलं, विसरलो म्हणून.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तू लहानपणी दप्तर विसरून कविता पाठ करत शाळेला जायचास. तसाच राहिलास." आवाज मऊ झाला होता. "पण मी कशी येऊ? माझ्या सासूची बी नवमीच हाय. माझ्याच पाटाला सवाष्ण शोधून शोधून मिळाली."

शिवांजली फोन खाली ठेवून म्हणाली, "अण्णा, सगळ्या फुल. वेटिंगसुद्धा नाही."

महाबळेश्वरची गर्दी, कोकणाची गर्दी, तुळजापूरची गर्दी, सगळी मी रंगवली होती. ही गर्दी माझ्या तक्त्यात नव्हती. उद्या उमरग्यातल्या घराघरात एकेक पाट मांडलेला असणार, आणि कुंकू लावलेली प्रत्येक बाई आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर गेलेली.

नाहीच मिळाली तर पान गाईला द्यायचं, असं ठरलं. शास्त्रात चालतं म्हणतात. पण अयोध्येला एकटीनं जेवायला आवडायचं नाही. मी ड्युटीवरून कितीही उशिरा आलो तरी ताट झाकून बसलेली असायची. आणि माझी ड्युटी लांबली की शेजारून शांतम्माला हाक मारायची.

आज घरात शांतम्माचं नाव मात्र कुणी काढलं नाही. असं नाव काढत नाहीत. मीही काढलं नाही.

२५ सप्टेंबर

स्वयंपाक झाला. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, पुरण. योगीराजनं स्वतः नारळ फोडला. छतावर घास ठेवला. कावळ्यानं फार वाट बघायला लावली नाही, आला, खीर आधी खाल्ली. आरोही म्हणाली, "आजीला खीर आवडायची?" योगीराज म्हणाला, "तुझ्या आजीला कारळ्याची चटणी आवडायची. खीर ती आम्हाला वाढायची." बोलता बोलता तो हसला आणि मग त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही, पण शेजारी उभा राहिलो.

रजियाबीचा डबा भरून आरोहीबरोबर पाठवला.

पाट मांडलाय. पाटाभोवती रांगोळी, शेजारी हिरव्या लुगड्याची घडी. पान वाढून झालंय. पाटावर कुणी नाही. बॅगा ओसरीवर रचून ठेवल्यात. शिवांजली म्हणाली, अजून थोडा वेळ बघू, मग गाईला देऊ. काय बघायचं ते तिलाही माहीत नाही, मलाही. नुसतं बसवेना म्हणून हे लिहायला घेतलं.

इथवर लिहिलं आणि वही मिटली. आता पुढचं लिहितो.

दाराची कडी एकदा वाजली. मला वाटलं अक्रम, लवकर आला. उठायला लागलो.

मग एक श्वास गेला. मग कडी दुसऱ्यांदा वाजली.

आरोहीनं दार उघडलं. दारात शांतम्मा. मुरुमच्या गाडीनं आली होती, आम्ही दुपारी निघणार हे काल बँकेत कळलं असावं. पायांवर स्टँडच्या चिखलाचे शिंतोडे. कपाळ मोकळं, अंगावर साधं करडं लुगडं, हातात कापडी पिशवी. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. आत बघितलं, मांडलेला पाट बघितला, त्यावर कुणी नाही ते बघितलं. शिवांजलीचा हात नकळत स्वतःच्या मंगळसूत्राकडं गेला. योगीराज भिंतीपासून सरळ झाला.

शेवटी तीच बोलली.

"बोलावणं आलं न्हाय, भाऊ," ती म्हणाली. "म्हटलं, तुमी विसरला असाल. म्हणून आले."

का बोलावलं नव्हतं हे तिला पुरतं माहीत होतं. तरी तिनं तसंच म्हटलं, आणि माझ्याकडं बघत राहिली. पिशवीतून कारळ्याच्या चटणीचा वास येत होता.

"विसरलोच होतो," मी म्हणालो. "सगळंच विसरलो होतो, शांतम्मा."

शिवांजली पुढं झाली. तिनं तांब्यातलं पाणी शांतम्माच्या पायांवर ओतलं, तिचा हात धरला आणि म्हणाली, "काकू, चला. पान गार होतंय."

बाहेर अक्रमची गाडी येऊन थांबली आणि त्यानं हॉर्न दिला. योगीराज दाराकडं निघाला, पण मीच खिडकीशी गेलो. मागच्या दोन सीटा रिकाम्या दिसत होत्या. गजांना टेकलेल्या काठीनं मी लोखंडावर एकदाच वाजवलं.

टिंग.